पिल्लू, डास आणि हृदयातल्या शेवया

मेकॅनिकलची मुलगी कुत्र्यांच्या जंतांवर काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या मेसमागे दरवर्षी पिल्लं दिसतात, अर्धं हॉस्टेल त्यांना बिस्किटं घालतं आणि त्यांच्या औषधपाण्याबद्दल ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. त्यातली काही माहिती चुकीची असते, काही तर धोक्याची. म्हणून हा उपद्व्याप. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

हार्टवर्म, म्हणजे डायरोफिलेरिया इमिटिस, हा कुत्र्याच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूत राहणारा जंत. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते, दिसायला शिजवलेल्या शेवयीसारखी. हृदयाची उजवी बाजू म्हणजे फुप्फुसाकडे रक्त ढकलणारा पंप. पंपाच्या डिलिव्हरी पाइपमध्ये शेवयांचा गुंता अडकला तर काय होईल? प्रेशर वाढणार, पंपावर लोड येणार आणि शेवटी पंप थकणार. कुत्रा आधी खोकतो, मग पळताना दमतो, पुढे पोटात पाणी होतं. आणि हे जंत ५ ते ७ वर्षं जगतात.

हा रोग एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे फक्त डासामार्फत जातो. चाटण्याने नाही, ताटलीतून नाही, शी मधूनही नाही. रोगी कुत्र्याच्या रक्तात जंताची सूक्ष्म पिल्लं फिरत असतात, त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. डास रक्त पितो तेव्हा ती त्याच्या पोटात जातात आणि उबदार हवेत साधारण १० ते १४ दिवसांत पुढच्या कुत्र्यात शिरायला तयार होतात. हवा १४ अंशांच्या खाली राहिली तर डासातली ही वाढ थांबते. थंड देशांत त्यामुळे हिवाळ्यात सुट्टी मिळते. आपल्या कोल्हापुरात पहाटे कितीही हुडहुडी भरली तरी दुपारी ऊन असतंच, आणि डासांचं तर रंकाळ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा!

आता खरा मुद्दा, टेस्टचा. माझ्या मैत्रिणीचे बाबा आर्मीत. गडहिंग्लज साइडचे, पोस्टिंग आसामला. बदली झाली तेव्हा ते चार महिन्यांचं पिल्लू सोबत घेऊन आले. भारतात खरा हार्टवर्म मुख्यतः ईशान्येकडे, आसाम-मिझोरामकडे सापडतो, हे काकांना तिकडेच कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी आल्या आल्या किट टेस्ट करून घेतली. निगेटिव्ह! घरात पेढे वाटायचे बाकी होते. पण डॉक्टर म्हणाले, "काका, ह्या रिपोर्टला आत्ता काही अर्थ नाही."

का? कारण ही अँटिजेन टेस्ट जंत शोधत नाही, वयात आलेल्या मादी जंताने रक्तात सोडलेलं प्रोटीन शोधते. डास चावल्यावर अळी आधी कातडीखाली आणि स्नायूंत वाढते, दोन-अडीच महिन्यांनी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते, आणि टेस्टमध्ये दिसण्याइतकी मोठी व्हायला एकूण सहा-सात महिने लागतात. पिल्लू जन्माच्या दिवशीच चावलं गेलं असतं तरी चौथ्या महिन्यात टेस्ट निगेटिव्हच येणार. म्हणून सात महिन्यांच्या आतल्या पिल्लाला टेस्टशिवायच औषध सुरू करतात, तेही आठ आठवड्यांच्या आत केलेलं बरं. मग सहा महिन्यांनी टेस्ट, पुन्हा सहा महिन्यांनी एक, आणि नंतर वर्षातून एकदा. मोठ्या कुत्र्याची मात्र आधी टेस्ट आणि मगच औषध, कारण रक्तात मायक्रोफायलेरिया भरपूर असतील तर ते एकदम मेल्यामुळे कुत्र्याला रिअॅक्शन येऊ शकते.

महिन्याची गोळी पुढच्या महिन्यासाठी चिलखत देते असं बहुतेकांना वाटतं. उलट आहे! ती मागच्या तीस दिवसांत शिरलेल्या अळ्या मारते. म्हणजे दर महिन्याला मागचं खातं क्लिअर करायचं. दोन महिने गोळी चुकली की काही अळ्या इतक्या मोठ्या होतात की मग गोळीला जुमानत नाहीत. काकांच्या पिल्लाचा घोळ इथेच होता. पहिल्या दोन महिन्यांत आसामात काही शिरलं असेल तर ते आता गोळीच्या हाताबाहेर. त्याची गोळी सुरू झाली, पण खरा निकाल पुढच्या दोन टेस्टमध्येच कळणार. पॉझिटिव्ह आलं तर मोठे जंत मारायला मेलार्सोमाइन नावाचं आर्सेनिकचं इंजेक्शन लागतं, ते आपल्याकडे सहज मिळत नाही. आणि मेलेले जंत फुप्फुसात अडकू नयेत म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे पळूही द्यायचं नसतं. लॅब्रेडॉरला हे समजावून बघा!

ह्या गोळीतलं नेहमीचं औषध आयव्हरमेक्टिन. जपानच्या मातीतल्या एका बॅक्टेरियापासून ते मिळालं, आणि त्यासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण हेच औषध गोठ्यात गाई-म्हशींच्या इंजेक्शनच्या बाटलीतही असतं, आणि "घरी बाटली आहे, जरासं पिल्लाला टोचू" हा सल्ला मी हॉस्टेलवर स्वतःच्या कानांनी ऐकलाय. चला, गणित करू. हार्टवर्मसाठी डोस किलोला ६ मायक्रोग्रॅम. तीन किलोच्या पिल्लाला १८. एक टक्क्याच्या बाटलीत एका मिलीत १०,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे हवं ०.००१८ मिली. एक मिलीच्या सिरिंजवरची सगळ्यात लहान रेघ ०.०१ मिलीची असते! आपल्या भाषेत, लीस्ट काउंटच पाचपट मोठा. अंदाजाने अर्धा मिली टोचलं तर डोस पावणेतीनशे पट. पिल्लू लडखडतं, आंधळं होतं, कोमात जातं. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत एमडीआर-वन जीनमधल्या दोषामुळे हे औषध थेट मेंदूत पोचतं, त्यांना त्याहून कितीतरी कमी डोसही महागात पडतो.

मग मेसमागच्या आपल्या पिल्लांनाही ही गोळी हवी का? माझं मत, तो पहिला खर्च नव्हे. आपल्या भागात ह्याचा भाऊबंद डायरोफिलेरिया रेपेन्स जास्त भेटतो, तो कातडीखाली राहतो आणि हृदयाच्या वाटेला जात नाही. आपल्याकडची पिल्लं मरतात ती पार्व्होने, डिस्टेंपरने आणि हूकवर्मने रक्त आटून. तेव्हा वर्गणी काढलीच तर आधी जंताचं औषध, सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची लस आणि तीन महिन्यांची झाली की रेबीजची. रेबीजची तर आपल्यासाठीसुद्धा.

रेपेन्स कधीकधी डासामार्फत माणसातही येतो. केरळात डोळ्याच्या पांढऱ्या पडद्याखालून असा जंत काढल्याच्या बऱ्याच केसेस नोंदलेल्या आहेत. माणसात त्याची सहसा पैदास होत नाही, डॉक्टरने तो काढला की काम झालं. पण त्यासाठी पिल्लांना हाकलून उपयोग नाही, डास उडून येतोच. बी विंगच्या मागे फुटके टब आणि कूलरचे ट्रे पावसापासून पाण्याने भरून पडलेत. रेक्टर मॅडमनी मनावर घेतलं तर ते एका रविवारात पालथे होतील, वॉचमन मामा आणि आम्ही सहाजणी तयार आहोत.