किल्टवर कोट कोणता?

भाच्याचे लग्न एडिंबराला ठरले आणि मुलीच्या वडिलांनी माझ्या मुलालाही किल्ट घालण्याचा आग्रह केला. किल्ट तिथे भाड्याने मिळणार होता. कोटासाठी मात्र मुलाने आमच्या ग्वाल्हेरच्या घरातली जुनी ट्रंक उघडली आणि माझ्या सासऱ्यांचा ट्वीडचा कोट बाहेर काढला. "आई, जुन्या पद्धतीचा कोट घाला म्हणालेत. आजोबांच्या कोटापेक्षा जुना कुठे मिळणार?"

कल्पना मलाही आवडली. माझी चौकडीची शाल कमरेला गुंडाळून तो आरशापुढे उभा राहिला, तेव्हा मात्र हसू आवरेना. पॅन्ट घालायचीच विसरल्यासारखा दिसत होता!

कारण साधे आहे. किल्ट पॅन्टसारखा कमरेखाली बसत नाही, तो बेंबीच्या उंचीवर आवळतात. पूर्ण घेराच्या किल्टला आठ वार लोकरी कापड लागते, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. मागच्या बाजूला सगळ्या चुण्या आणि पुढे साखळीने लटकणारी चामड्याची पिशवी, स्पोरन. नेहमीचा लांब कोट हे सगळे झाकून टाकतो. म्हणून किल्टचा कोट आखूड असतो आणि पुढून गोलाकार कापलेला, स्पोरन मोकळे दिसावे असा.

लष्कर भागातल्या आमच्या शिंप्याला विचारले. त्याने कोट उलटसुलट करून पाहिला. लांबी कमी करता येईल, म्हणाला, पण कापायचे तिथेच खालचे खिसे येतात. शिवाय एकदा कापलेला कोट पुन्हा पॅन्टवर घालता येणार नाही. सासऱ्यांच्या कोटाला कात्री लावायला मन होईना.

मग जुनी छायाचित्रे पाहिली. १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांच्या या पोशाखावर बंदी आली होती, ती १७८२ मध्ये उठली. पुढे व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट बाल्मोरलला राहू लागल्यावर त्याची प्रतिष्ठा वाढली. शिकारीला, मासेमारीला, डोंगर भटकायला किल्टवर ट्वीडचा कोट आला. चांदीची बटणे आणि काळा कोट रात्रीच्या समारंभाचा, दिवसा ट्वीड. जुन्या धाटणीत बटणे उंचावर, लेपल लहान, आत त्याच कापडाचे जाकीट आणि बटणे शिंगाची. हल्लीचे पुष्कळ कोट अंगाला इतके घट्ट असतात, की हात वर केला तर जाकिटाखाली शर्ट डोकावतो. मला विचाराल तर थोडा सैलच बरा.

रंगात मुलगा चुकणार होता. टार्टनमधला लाल त्याला कोटातही हवा होता. पण टार्टनच एवढे बोलके असते, की वर शेवाळी, राखाडी किंवा मातकट रंग शोभतो. हॅरिस ट्वीड हवे असेल तर आत गोल आणि त्यावर क्रॉस अशी खूण पाहावी. १९९३ च्या कायद्यानुसार ते कापड आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या लोकांनी आपापल्या घरी हातमागावर विणलेले असावे लागते.

शेवटी एडिंबरातच एका जुन्या कपड्यांच्या दुकानात मातकट रंगाचा, जाकिटासकट कोट मिळाला. बाह्या किंचित आखूड होत्या, तेवढे चालवून घेतले.

सासऱ्यांचा कोट त्याने दुसऱ्या दिवशी पॅन्टवर घातला. चहाच्या वेळी व्याह्यांनी बाही बोटांनी चाचपून पाहिली आणि विचारले, "हा कुठे शिवलात?"