कोळशाच्या घळीतली लोरेटा

लेखमाला : डोंगरगाण्यांचा देश – भाग सहावा

मागच्या भागात आपण गायक हँक विल्यम्सपाशी थांबलो होतो. १ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, कार्यक्रमाला निघालेला हँक गाडीच्या मागच्या सीटवरच गेला. त्याच वर्षी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर नावाच्या खेड्यात, लाकूडतोडीच्या कामावर जाणाऱ्या एका माणसाने बायकोसाठी गिटार विकत आणली. सिअर्सची, हार्मनी बनावटीची, १७ डॉलरची. बायको २१ वर्षांची होती आणि पदरात चार मुलं होती. मुलांना झोपवताना, घर आवरताना ती गुणगुणायची ते त्याने ऐकलं होतं आणि रेडिओवर गाणाऱ्या बायकांपेक्षा ही काही कमी नाही, असं त्याचं ठाम मत झालं होतं. ती लोरेटा लिन. गिटार वाजवायला ती आपली आपण शिकली.

कंट्री संगीतात गरिबीच्या कहाण्यांना तोटा नाही. या लेखमालेतल्या जवळजवळ प्रत्येक गायकाचं बालपण हलाखीतलं आहे, आणि रेकॉर्ड कंपन्यांनी त्या हलाखीचा जाहिरातीसाठी भरपूर वापर करून घेतला. मग लोरेटासाठी अख्खा भाग कशासाठी? कारण माझ्या मते इतरांच्या गाण्यात गरिबी बहुधा आठवण म्हणून येते; गाव, आई, जुनं घर, हरवलेले दिवस. लोरेटाच्या गाण्यात ती तपशिलाने येते. कोण काय काम करत होतं, घरात काय होतं आणि काय नव्हतं, हे ती साक्ष द्यावी तसं सांगते. पुढे तिने संसाराबद्दल जी गाणी लिहिली आणि ज्यांच्यामुळे वादळं उठली, त्यांचं मूळही या सवयीतच आहे.

तिचा जन्म १४ एप्रिल १९३२ चा, केंटकी राज्याच्या पूर्व भागातला. हा अ‍ॅपलेशियन डोंगरांचा प्रदेश. दोन कड्यांच्या मधोमध अरुंद घळ, तळाशी ओढा, उतारावर चार-दोन लाकडी घरं अशी इथली वस्ती. अशाच एका घळीचं नाव बुचर हॉलो. बाप टेड वेब, आई क्लारा, आठ भावंडं, लोरेटा दुसरी. मंदीचा तो सगळ्यात वाईट काळ होता. फटीतून वारा येऊ नये म्हणून आईने भिंतींना वर्तमानपत्रांची आणि मासिकांची पानं चिकटवली होती. त्या पानांवर लोरेटा यंग या सिनेनटीचं चित्र होतं, त्यावरून मुलीचं नाव ठेवलं गेलं. शिक्षण एका खोलीच्या शाळेत झालं, तेही अर्धवट.

मंदीच्या वर्षांत बापाने सरकारी रस्त्यांच्या कामावर मजुरी केली, नंतर तो खाणीत लागला. खाण व्हॅन लिअर गावची. हे गाव कन्सॉलिडेशन कोल कंपनीने वसवलेलं. व्हॅन लिअर हे नावसुद्धा कंपनीच्या एका संचालकाचं. अ‍ॅपलेशियातल्या अशा कंपनी-गावांची रीत समजून घेतली पाहिजे. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टरही बऱ्याचदा कंपनीचाच. मजुरीचा काही भाग कंपनीच्या स्वतःच्या नाण्यांत किंवा चिठ्ठ्यांत मिळायचा आणि त्या फक्त कंपनीच्याच दुकानात चालायच्या. महिनाअखेर उधारी मजुरीपेक्षा जास्त भरली, तर माणूस काम सोडून जाणार कुठे? कोळशाचे थर काही ठिकाणी इतके बुटके, की खाणकामगाराला पूर्ण पाळी गुडघ्यांवर रांगत काढावी लागे. टेड वेब रात्री खाणीत असायचा आणि दिवसा स्वतःच्या तुकड्यात मका लावायचा. कोळशाची धूळ वर्षानुवर्षे छातीत साठत गेली की फुप्फुसं कडक होत जातात. तिकडे या आजाराला ‘काळं फुप्फुस’ म्हणतात. टेडलाही तो जडला.

घरात चैन म्हणावी अशी एकच वस्तू होती, बॅटरीवरचा रेडिओ. शनिवारी रात्री त्यावर नॅशव्हिलहून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा कार्यक्रम लागायचा. तो प्रसारित करणारं डब्ल्यूएसएम हे केंद्र १९३२ पासून ५० हजार वॉटवर प्रसारण करत होतं. मध्यमलहरींवरचं प्रक्षेपण सूर्य मावळल्यावर वातावरणाच्या वरच्या थरांवरून परत फिरतं आणि दिवसाच्या कितीतरी पट दूर पोचतं. त्यामुळे वीज न पोचलेल्या घळीतही शेकडो किलोमीटरवरचं नॅशव्हिल स्पष्ट ऐकू यायचं. कंट्री संगीत एका प्रांताचं न राहता देशाचं झालं, त्यात रात्रीच्या या लहरींचा वाटा फार मोठा आहे, आणि लोरेटाचं संगीतशिक्षण म्हणाल तर एवढंच.

१० जानेवारी १९४८ ला तिचं लग्न झालं. नवरा ऑलिव्हर लिन, सगळे त्याला डूलिटल किंवा नुसतं डू म्हणत. तो २१ वर्षांचा, सैन्यातून परतलेला. इथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. आत्मचरित्रात आणि पुढे अनेक मुलाखतींत लोरेटाने लग्नाच्या वेळी आपण १३ वर्षांच्या होतो असं सांगितलं, आणि जगभर तेच छापलं गेलं. २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेसने जन्माचे आणि लग्नाचे सरकारी कागद काढले तेव्हा ती १५ वर्षांची होती हे स्पष्ट झालं. काही लेखकांनी यावरून तिला खोटारडी ठरवलं. मला ते अन्यायाचं वाटतं. पंधराव्या वर्षी लग्न, त्याच वर्षी गरोदरपण, पोटात मूल असताना आईबापांपासून साडेतीन हजार किलोमीटरवर, ओळखीचं एकही माणूस नसलेल्या गावी संसार; ही हकीकत दोन वर्षांच्या फरकाने सौम्य होत नाही. पण गोष्ट वाचकाला सांगायची तर खऱ्या आकड्यानेच सांगितली पाहिजे.

डू हा माणूस सरळसोट नव्हता. तो पीत होता, बाहेरख्याली होता, घरात मारामाऱ्या होत. लोरेटाने हे कधी लपवलं नाही, आणि आपणही हात उगारायचो हेही सांगितलं. पण तिला बाजूच्या गावातल्या बारमध्ये गायला उभं करणारा, तिच्यासाठी भांडणारा आणि दाराबाहेर काढणारा तोच होता. तिच्या आयुष्यातली ही गुंतागुंत सोडवून एका बाजूला लावण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तिने स्वतः ती कधी सोडवली नाही, म्हणूनच तिची गाणी इतकी जिवंत राहिली.

भाऊ जे ली याला घेऊन तिने ‘ट्रेलब्लेझर्स’ हा छोटा वाद्यवृंद उभारला. टकोमा शहरात गायक बक ओवेन्सच्या टीव्ही कार्यक्रमात ती गायली, आणि तिथून तिचं नाव नॉर्म बर्ली या लाकूडव्यापाऱ्यापर्यंत पोचलं. त्याने झीरो रेकॉर्ड्स या आपल्या चिमुकल्या कंपनीतून तिला संधी दिली. फेब्रुवारी १९६० मध्ये लॉस एंजेलिसला ‘आय अ‍ॅम अ हाँकी टाँक गर्ल’ हे तिचं स्वतःचं गाणं ध्वनिमुद्रित झालं.

आता पुढची अडचण. छोट्या कंपनीकडे वितरक नव्हते, जाहिरातीला पैसा नव्हता. डू आणि लोरेटाने मग काय केलं, तर रेडिओ केंद्रांच्या पत्त्यांची यादी मिळवली, डूने स्वतः काढलेल्या फोटोसह रेकॉर्ड टपालाने पाठवल्या आणि गाडी काढून केंद्रामागून केंद्र पालथं घातलं. गाडीतच झोप, गाडीतच पाव आणि बलोनी. त्या काळी बहुतेक केंद्रं स्वतंत्र मालकीची होती आणि कोणती रेकॉर्ड लावायची हे माइकसमोर बसलेला निवेदक ठरवी. निवेदक आणि दुकानदार जे कळवत, त्यावर बिलबोर्ड मासिकाची क्रमवारी बेतलेली असे. म्हणजे एखादी बाई दारात येऊन उभी राहिली, आणि निवेदकाला गाणं आवडलं, तर ते त्याच दिवशी वाजू शकत होतं. १९६० च्या उन्हाळ्यात हे गाणं १४ व्या क्रमांकावर पोचलं. गाण्यांची निवड पुढे मुख्य कार्यालयांत होऊ लागली. तशी पद्धत १९६० मध्येच असती, तर लोरेटाला आत कुणी घेतलं असतं, असं मला वाटत नाही.

१५ ऑक्टोबर १९६० ला ती ज्या ऑप्रीचे कार्यक्रम घळीत बसून ऐकायची, त्या ऑप्रीच्या रंगमंचावर उभी राहिली. बाप हे पाहायला नव्हता. १९५९ मध्ये, पन्नाशी उलटल्या उलटल्याच तो गेला होता.

नॅशव्हिलमधली पुढची प्रगती थोडक्यात सांगतो. गायक विल्बर्न बंधूंनी तिला आपल्या कार्यक्रमात घेतलं, डेक्का कंपनीशी गाठ घालून दिली. मात्र गाण्यांचे प्रकाशनहक्क त्यांच्या कंपनीकडे राहिले आणि पुढे त्यावरून कोर्टकचेरी झाली. निर्माता ओवेन ब्रॅडली तिला मोलाचा लाभला. आणि मैत्रीण मिळाली गायिका पॅट्सी क्लाइन. १९६१ मध्ये मोटार अपघातात जखमी होऊन पॅट्सी रुग्णालयात असताना लोरेटाने रेडिओवर तिचं गाणं तिलाच अर्पण करून गायलं; ते ऐकून पॅट्सीने नवऱ्याला पाठवून तिला बोलावून घेतलं. नव्या शहरात कसं वागायचं, काय नेसायचं, पैशाबद्दल कुणाशी कसं बोलायचं, हे पॅट्सीने शिकवलं. मार्च १९६३ मध्ये विमान अपघातात पॅट्सी गेली. पुढच्या वर्षी लोरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यातल्या एकीचं नाव पॅट्सी ठेवलं.

पहिला क्रमांक तिला १९६७ मध्ये मिळाला. दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला दाराशीच अडवणारी बायको हा त्या गाण्याचा विषय. पाठोपाठ ‘फिस्ट सिटी’ आलं, नवऱ्यामागे लागलेल्या बाईला सरळ धमकी देणारं. तोवर कंट्रीतली बाई एक तर वाट पाहायची, नाहीतर रडायची. ही उत्तर देत होती.

‘कोल मायनर्स डॉटर’ तिने १ ऑक्टोबर १९६९ ला ध्वनिमुद्रित केलं. मूळ गाणं इतकं लांब होतं, की ब्रॅडलीने काही कडवी काढायला लावली आणि त्याची तिला कायम हळहळ राहिली. हे गाणं ज्या काळात आलं तो काळ लक्षात घ्यायला हवा. २० नोव्हेंबर १९६८ ला वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मेले. खाण कन्सॉलिडेशन कोल कंपनीचीच, जिने व्हॅन लिअर वसवलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत ‘काळ्या फुप्फुसा’ची भरपाई मिळावी म्हणून वेस्ट व्हर्जिनियातल्या हजारो कामगारांनी संप केला. ३० डिसेंबर १९६९ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी खाण सुरक्षेच्या कायद्यावर सही केली आणि या आजाराला पहिल्यांदा केंद्र सरकारची भरपाई मिळाली. गाणं बाजारात आलं ते १९७० च्या अखेरीस. डिसेंबरमध्ये ते पहिल्या क्रमांकावर होतं, आणि ३० डिसेंबरला, कायद्यावर सही झाल्याला बरोबर वर्ष होत असताना, खुद्द केंटकीत हायडनजवळच्या खाणीत ३८ जण मेले. लोरेटाने त्यांच्या मुलांसाठी लुइव्हिलला मदतनिधीचा कार्यक्रम केला.

गाण्यात या कशाचाही उल्लेख नाही, तिने घोषणा दिली नाही. तिने आपल्या बापाचं काम आणि आईचे हात सांगितले. पण वर्तमानपत्रांत रोज आकड्यांत येणारे खाणकामगार रेडिओमुळे त्या हिवाळ्यात देशाला माणूस म्हणून भेटले. माझ्या मते या संगीतप्रकारातलं हे सर्वांत महत्त्वाचं गाणं आहे, हँकची सगळी गाणी धरूनसुद्धा.

१९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षाच्या सर्वोत्तम कलावंताचा पुरस्कार तिला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी तिने ‘द पिल’ ध्वनिमुद्रित केलं. गाणं दुसऱ्यांनी लिहिलेलं होतं, विषय गर्भनिरोधक गोळी. कंपनीने ते १९७५ पर्यंत दाबून ठेवलं. आल्यावर अनेक केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, तरी ते पाचव्या क्रमांकावर गेलं. खेड्यांतल्या डॉक्टरांनी मला सांगितलं की आमच्या पत्रकांनी झालं नाही ते या गाण्याने झालं, असं तिने पुढे मुलाखतीत म्हटलं आहे. यात आश्चर्य काय? बायांना हे सांगणारी शहरातली कुणी शहाणी नव्हती. विशी उलटायच्या आत चार बाळंतपणं झालेली, आठ भावंडांत वाढलेली बाई हे सांगत होती.

१९७६ मध्ये ‘कोल मायनर्स डॉटर’ याच नावाने तिचं आत्मचरित्र आलं, १९८० मध्ये मायकेल अ‍ॅप्टेडचा चित्रपट. लोरेटाची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकने त्यात लोरेटाची सगळी गाणी स्वतः गायली आणि तिला ऑस्कर मिळालं. १९८४ मध्ये लोरेटाचा मुलगा जॅक नदीत बुडून गेला, १९९६ मध्ये डू गेला. त्यानंतर ती संपली असं धरून चाललेल्यांना तिने २००४ मध्ये ‘व्हॅन लिअर रोझ’ हा गाण्यांचा संग्रह ऐकवला. तिच्या निम्म्याहून कमी वयाच्या जॅक व्हाइट या रॉक संगीतकाराची निर्मिती, गाणी मात्र तिची. त्याला दोन ग्रॅमी मिळाले. तिला बहात्तर वर्षं पूर्ण झाली होती आणि संग्रहाला नाव दिलं होतं बापाच्या खाणीच्या गावाचं.

४ ऑक्टोबर २०२२ ला टेनेसीतल्या हरिकेन मिल्स इथे, स्वतःच्या घरी, नव्वदाव्या वर्षी ती गेली.

पुढच्या आठवड्यात मर्ल हॅगर्ड. रेल्वेच्या जुन्या डब्याचं घर केलेल्या कुटुंबात जन्मलेला आणि सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातून बाहेर येऊन गायक झालेला. तोवर वाचकांना एक विनंती. १९६० चं ‘हाँकी टाँक गर्ल’, १९७० चं ‘कोल मायनर्स डॉटर’ आणि २००४ चं ‘व्हॅन लिअर रोझ’ ही तीन गाणी याच क्रमाने ऐका. पहिल्यात ती दुसऱ्यांसारखं गाण्याचा प्रयत्न करते आहे, ते लगेच कळेल. पुढच्या दोहोंत तसं कुठेही ऐकू येत नाही.