ट्रायकोकार्डाच्या मुळावर उठणारी कोळी कीड



उसाच्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्डे न्यायला आपण गट ऑफिसात येता. कधी कार्डे लगेच हाती पडतात, कधी थांबावे लागते. "कागदाला अंडी चिकटवायची, त्याला एवढा वेळ कशाला?" असे सभासद विचारतात. विचारणे रास्तच आहे. म्हणून कार्ड तयार होते कसे आणि अडते कुठे, ते येथे सांगत आहोत.

ट्रायकोग्रामा ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी, गांधीलमाशीच्या कुळातली माशी. ती खोडकिडीच्या अंड्यात आपले अंडे घालते, त्यामुळे किडीची अळी जन्मालाच येत नाही. पण ही माशी वाढवायची तर तिला अंडी पुरवावी लागतात. त्यासाठी धान्यावरचा कोरसायरा हा पतंग पाळतात. ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा खोक्यात भरून त्यावर पतंगाची अंडी सोडली, की अळ्या भरड्यावर वाढतात आणि साधारण ४० ते ४५ दिवसांनी पतंग निघू लागतात. त्यांची अंडी गोळा करून कार्डावर चिकटवतात. एक घन सेंटिमीटर मापात सुमारे १८ ते २० हजार अंडी बसतात.

म्हणजे हे एक प्रकारचे पशुपालनच झाले. गोठा म्हटला की गोचीड आलीच. कोरसायराच्या खोक्यातली गोचीड म्हणजे कोळी कीड.

तिच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिली दमट भरड्यावर आणि बुरशीवर जगते, ती खाद्य नासवते. दुसरी, पायमोटीस, अधिक घातकी. ती अळीला चिकटते, विष टोचून तिला लुळी करते. मादीचे पोट फुगून मण्यासारखे होते आणि त्यातून पूर्ण वाढलेलीच पिले बाहेर पडतात. थोड्याच दिवसांत खोकेच्या खोके बसते. काम करणाऱ्यांच्या अंगालाही खाज सुटते.

आता कोणी म्हणेल, काट्याने काटा काढा, कोळी किडीवर तिचा शत्रू सोडा. असा शत्रू आहे. शेलेटस ही शिकारी कोळी कीड पिठातल्या कोळी किडी खाते. १९८० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात ती धान्याच्या कोठारांत मुद्दाम सोडली जात होती. पण कोठारात वाचवायचे असते धान्य. आपल्याला वाचवायची आहेत पतंगाची अंडी आणि कोवळ्या अळ्या. ब्लॅटिसोशियस नावाची दुसरी शिकारी कोळी कीड तर पतंगाच्या अंड्यांवरच ताव मारते. राखणीला ठेवलेल्याने कोंबडीच फस्त करावी, तसे व्हायचे! ब्रेकॉन माशीचेही तेच. नारळाच्या काळ्या डोक्याच्या अळीवर ती मित्र, कोरसायराच्या खोक्यात मात्र वैरी. मित्र कोण, हे जागेवरून ठरते.

म्हणून येथे मुख्य इलाज स्वच्छतेचा. भरडा तापवून निर्जंतुक करायचा, त्यात गंधकाची भुकटी मिसळायची. कोळी किडीला गंधक मारते, अळ्यांना बेताचे गंधक सोसते. खोकी धुऊन उन्हात वाळवायची. जुन्या खोक्यातले काम उरकून नव्याकडे जायचे नाही. आधी नवे, मग जुने. लागण दिसलेले खोके त्याच दिवशी बाहेर काढून नष्ट करायचे. त्याची भरपाई व्हायला दीड महिना लागतो. कार्डे अडतात ती येथे.

सभासदांनी एवढे करावे :

१) कार्डांची मागणी दीड-दोन महिने आधी गट ऑफिसात नोंदवावी.
२) धान्याच्या कोठीतून किंवा पेवातून थेट प्रयोगशाळेत येऊ नये. कपड्यांवरून कीड आत येते.
३) कार्डावरची अंडी काळी झालेली पाहून घ्यावीत. काळी म्हणजे आत माशी वाढते आहे. पांढरी, पिचकलेली अंडी जास्त असतील तर कार्ड परत आणावे.
४) कार्डाच्या पट्ट्या सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचाव्यात. हेक्टरी ५० हजार माश्या, दर १० दिवसांनी.
५) पट्ट्या लावल्यावर कीटकनाशक फवारू नये. फवारले तर माशी मरेल आणि पैसाही जाईल.

कार्ड स्वस्त दिसते, पण त्यामागे दीड महिन्याची जोपासना असते. घरी नेलेले कार्ड कोनाड्यात पडून राहिले तर माश्या तिथेच उडून जातात. नेले त्याच दिवशी लावावे, ही विनंती.