मशीन खोलण्याआधी दाब मोजा
होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचा दोष कसा ओळखावा

बोर्डीच्या पुढे, गुजरातच्या सरहद्दीला लागून झाई हे मच्छीमारांचे गाव आहे. माझा धंदा कापडाचा. झाई, बोर्डी, घोलवड, उंबरगाव या पट्ट्यात माझी उधारी आहे आणि त्यातली बरीचशी होडीवाल्यांकडे आहे. मासळी मिळाली की पैसे येतात. होडी किनाऱ्याला बसली की वहीतला आकडाही बसून राहतो. म्हणून एका कापडवाल्याने इंजिनावर लिहावे याचे कोणाला नवल वाटू नये.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ती उठायला आठवडा उरला असताना माझे एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले. म्हणाले, "शेठ, मशीन गेले. मिस्त्री सांगतो बोअर करून पिस्टन नवे टाकावे लागतील. पैसे पाहिजेत." मागची उधारी बाकी होती, त्यावर ही नवी रक्कम. नाही म्हणावे तर हंगाम जातो आणि त्याबरोबर माझी जुनी बाकीही जाते. हो म्हणावे तर मिस्त्रीचे म्हणणे खरे कशावरून?

माझा भाचा मोटारसायकली दुरुस्त करतो. तो म्हणाला, "मामू, पैसे नंतर द्या. आधी दाब बघू या." त्या दिवशी जे पाहिले, आणि पुढे विचारून विचारून जे समजले, ते आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

दाब म्हणजे काय?

सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा हवा आणि इंधनाचे मिश्रण दाबले जाते. ते चांगले दाबले गेले तरच ठिणगी पडताच जोराने पेटते आणि पिस्टनला ढकलते. रिंग झिजली, पिस्टनला भोक पडले किंवा हेडखालचे गॅस्केट फुटले, तर दाब तेथून निसटतो. मग प्लग नवा घाला, कार्बोरेटर दहा वेळा धुवा, मशीनला ताकद येत नाही. उलट दाब पुरेसा असेल तर बहुतेक वेळा दोष बाहेरचा असतो, म्हणजे पेट्रोलचा किंवा करंटचा, आणि तो थोडक्या खर्चात निघतो. तेव्हा दोष खर्चाचा की बिनखर्चाचा, हा पहिला निवाडा दाब मोजल्यावर होतो.

आधी बाहेरचे पाहा

गेज लावण्यापूर्वी साध्या गोष्टी तपासाव्यात. बंद करण्याच्या स्विचची लाल दोरी जागेवर आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? नळीवरचा रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो का? होत नसेल तर नळी कोठेतरी हवा घेते. पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवावे. पाणी असेल तर तळाला बसते.

मशीन कसे बिघडले हेही विचारावे. चालता चालता एकदम बंद पडले असेल तर संशय आधी इंधनावर आणि करंटवर घ्यावा. महिना दोन महिने ताकद कमी कमी होत गेली आणि चालू करायला रस्सी जास्त ओढावी लागू लागली, तर संशय दाबावर घ्यावा.

मोजण्याची पद्धत

कॉम्प्रेशन गेज ही साधी वस्तू आहे. घड्याळासारखी तबकडी, एक नळी आणि प्लगच्या आट्याचे तोंड. माप दर चौरस इंचाला पौंडात असते, टायरची हवा मोजतो तेच.

शक्य असल्यास मशीन थोडे चालवून गरम करावे. मात्र ते पाण्यात किंवा पाण्याची जोडणी करूनच चालवावे. कोरडे चालवले तर पाणी खेचणारा रबरी पंखा, ज्याला इम्पेलर म्हणतात, थोड्याच वेळात जळतो. नंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून सर्व प्लग काढावेत, फक्त एकाच सिलिंडरचा नाही. लाल दोरी काढून करंट बंद करावा आणि प्लगच्या वायरी इंजिनाच्या लोखंडाला पक्क्या टेकवाव्यात. तसे न केल्यास कॉइल खराब होऊ शकते, आणि प्लगच्या भोकातून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेला ठिणगी लागून आगही लागू शकते.

आता गेज बसवावे आणि रेस पूर्ण उघडावी. बऱ्याच मशीनमध्ये न्यूट्रलवर रेस अर्धीच उघडते. तेव्हा कार्बोरेटरची झडप हाताने उघडी धरावी. झडप बंद राहिली तर आत हवाच जात नाही, आकडा खोटा कमी येतो आणि चांगले मशीन विनाकारण खोलले जाते. मग काटा वर चढायचा थांबेपर्यंत रस्सी जोराने ओढावी. साधारण पाच-सहा ओढी पुरतात. आकडा लिहून घ्यावा आणि दुसऱ्या सिलिंडरलाही तितक्याच ओढी द्याव्यात.

आकडा कसा वाचावा?

पेट्रोलच्या टू-स्ट्रोक मशीनला साधारण ९० ते १३० पौंडांच्या दरम्यान दाब मिळतो. तुमच्या मशीनचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा. पण नुसत्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक अधिक बोलतो. ११० आणि १०५ आले तर चिंता नको. फरक दहा टक्क्यांहून जास्त गेला तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये काहीतरी आहे.

दोन सावधगिऱ्या ठेवाव्यात. रॉकेलवर चालणाऱ्या मशीनचा दाब मुळातच कमी ठेवलेला असतो, कारण जास्त दाबात रॉकेल अवेळी पेटून ठोके देते. त्याची तुलना पेट्रोल मशीनशी करू नये. याच कारणाने पेट्रोलच्या मशीनमध्ये रॉकेल मिसळणे म्हणजे पिस्टनचे नुकसान ओढवून घेणे आहे. दुसरे, काही फोर-स्ट्रोक मशीनमध्ये रस्सी हलकी जावी म्हणून दाब थोडा सोडण्याची सोय असते. तेथे रस्सीने घेतलेला आकडा कमीच येणार.

कमी आकडा आला तर प्लगच्या भोकातून एक छोटा चमचा इंजिन ऑइल सोडावे, रस्सी एक-दोनदा ओढून ते पसरू द्यावे आणि पुन्हा मोजावे. आकडा बराच वाढला तर दोष रिंग किंवा बोअरचा. ऑइलने ती फट थोडा वेळ बुजवलेली असते. आकडा जागचा हलला नाही तर संशय हेड गॅस्केटवर किंवा भोक पडलेल्या पिस्टनवर. शेजारच्या दोन्ही सिलिंडरचा दाब सारखाच पडला असेल तर त्यांच्या मधले गॅस्केट फुटलेले असू शकते.

आमच्या मशीनचे काय झाले?

वरच्या सिलिंडरला ११० पौंड आले, खालच्याला ७०. ऑइल टाकले तरी खालचा आकडा ७२ च्या पुढे गेला नाही. खालचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ होता, वरचा नेहमीसारखा तपकिरी. भाच्याने सांगितले, आत पाणी जाऊन वाफ होते तेव्हा प्लग असा धुतला जातो. हेड उघडले. गॅस्केट एका बाजूने जळून पाण्याच्या वाटेपर्यंत फुटले होते. सिलिंडरवर एक ओरखडा नव्हता. बोअर करण्याची गरजच नव्हती.

पण तो तेथे थांबला नाही. गॅस्केट जळले का, हा त्याचा पुढचा सवाल होता. मशीन चालू असताना मागून पाण्याची जी बारीक धार पडते, ती बरेच दिवस कमजोर झाली होती असे होडीवाल्याने कबूल केले. खालचा भाग उघडला तर इम्पेलरच्या दोन पाकळ्या तुटलेल्या. पाणी कमी फिरले, मशीन तापले, गॅस्केट गेले. नुसते गॅस्केट बदलले असते तर ते पुन्हा जळले असते. तुटलेले तुकडे पाण्याच्या वाटेतून शोधून काढले, हेड सपाट काचेवर ठेवून वाकले नाही ना ते पाहिले, आणि बोल्ट मधून सुरुवात करून आडवेतिडवे, सारख्या ताकदीने आवळले. १ ऑगस्टनंतर होडी पाण्यात गेली. खर्च बोअर-पिस्टनच्या तुलनेत किरकोळ झाला आणि मला नवी उधारी द्यावी लागली नाही.

दाबाच्या आकड्याची हद्द

दाब चांगला आला म्हणजे सगळे चांगले असे मात्र समजू नये. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बाजूचे सील किंवा हवा आत घेणाऱ्या पातळ रीड पट्ट्या खराब असतील, तर या परीक्षेत दिसत नाहीत. कार्बोरेटरचा जेट बंद असणे किंवा कॉइल गरम झाल्यावर करंट तुटणे हेही दिसत नाही. दाब ठीक असूनही मशीन कुरकुरत असेल तर या जागा पाहाव्यात.

खरेदी-विक्रीत उपयोग

जुने मशीन घेताना गेज बरोबर न्यावे. आपण कापड घेताना थान उलगडून, भिंग लावून धागे मोजतो. रंगवलेले झाकण पाहून मशीन घेणे म्हणजे वरची घडी पाहून थान घेण्यासारखे आहे. विकणाऱ्यानेही आकडे स्वतःहून सांगावेत. ऐब सांगून विकलेल्या मालाचा थोडा कमी भाव आला तरी गिऱ्हाईक टिकते.

आपल्यातल्या मोटारसायकल मिस्त्रींकडे हे गेज बहुधा असतेच. आट्याचे योग्य तोंड जोडले की तेच होडीच्या मशीनला चालते. मिस्त्रीने आकडे कागदावर लिहून, ऑइल टाकण्यापूर्वीचे आणि नंतरचे, गिऱ्हाईकाच्या हातात दिले तर त्याच्या बिलावर कोणी शंका घेणार नाही.

होडीवाल्यांनी दरवर्षी दोनदा आकडे वहीत लिहावेत, मे अखेरीस मशीन गोड्या पाण्याने धुऊन ठेवताना आणि जुलै अखेरीस होडी उतरवण्यापूर्वी. गेल्या वर्षी ११० होते आणि यंदा ९५ आले, एवढे कळले तरी भर समुद्रात बंद पडण्याआधी दुरुस्ती होते. आणि ज्यांची उधारी समुद्रावर अवलंबून आहे अशा व्यापारी बांधवांनी दुरुस्तीसाठी पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: दाब किती आला?