सिंहाविना लेओन, डाळिंबाविना ग्रानादा

स्पेनच्या राजचिन्हात एक सिंह आहे आणि तळाशी एक डाळिंब आहे. सिंह लेओन या जुन्या राज्याचा, तर डाळिंब ग्रानादाचे. स्पॅनिश भाषेत सिंहाला ‘लेओन’ म्हणतात आणि डाळिंबाला ‘ग्रानादा’. तेव्हा या दोन्ही नावांचा उगम उघड आहे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात लेओन शहराचा सिंहाशी संबंध नाही आणि ग्रानादाचे नाव डाळिंबावरून पडले, असेही अभ्यासक मानत नाहीत.

लेओन येथे रोमन सैन्याच्या सातव्या लेजिअनचा तळ होता. लॅटिनमधील ‘लेगिओनेम्’ या रूपातला मधला ‘ग’ कालांतराने झिजला आणि ‘लेओन’ उरले. सिंहवाचक ‘लेओनेम्’चेही पुढे ‘लेओन’च झाले. दोन भिन्न कुळांतले शब्द उच्चारात एकरूप झाले आणि राजांनी त्या योगायोगाचे चिन्ह केले. ग्रानादाचेही तसेच. फळाचे नाव ‘दाणेदार’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. हातबॉम्बाला ‘ग्रेनेड’ म्हणतात तेही याच फळावरून. शहराचे नाव मात्र अरबी अमदानीत ‘घर्नाता’ असे होते व त्याच्या मूळ अर्थाविषयी आजही मतभेद आहेत.

नाव ऐकताच त्याचा ओळखीचा अर्थ लावण्याच्या या प्रवृत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात. शब्दाचे खरे नाते शोधायचे तर ध्वनी कोणत्या नियमाने बदलले, हे पाहावे लागते. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या खिशातच आहे. मराठीतील ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीज ‘शावि’वरून आला. स्पॅनिशमध्ये किल्लीला ‘यावे’ म्हणतात. ऐकायला भिन्न असले तरी दोन्ही शब्द लॅटिन ‘क्लाविस्’ची लेकरे आहेत. लॅटिनमधील आरंभीच्या ‘क्ल’चा पोर्तुगीजमध्ये ‘च’ झाला आणि स्पॅनिशमध्ये ‘य’च्या जवळचा ध्वनी. पोर्तुगीजांनी तो ‘च’ पुढे ‘श’ केला; आपण मात्र जुना उच्चार जपून ठेवला. ‘पगार’चे मूळही असेच. चुकते करणे या अर्थी ‘पागार’ हे क्रियापद पोर्तुगीज आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत आहे. त्याचा मूळ लॅटिन अर्थ ‘शांत करणे’, म्हणजे देणेकऱ्याने घेणेकऱ्याची समजूत घालणे. महिनाअखेर हा अर्थ कोणालाही पटावा!

स्पॅनिश शब्दसंपत्तीचा दुसरा मोठा झरा अरबी आहे. इ. स. 711 मध्ये तारिक बिन झियाद सैन्यासह समुद्र ओलांडून आला. ‘जबल तारिक’, म्हणजे तारिकचा डोंगर, तो आजचा जिब्राल्टर. ‘वादी अल्-कबीर’ म्हणजे मोठी नदी. तिचे झाले ग्वादालकिविर. ‘अल्काला’ नावाची कित्येक गावे स्पेनमध्ये आहेत. त्यांच्या मुळाशी असलेला अरबी ‘कला’ आणि आपला ‘किल्ला’ एकच. जकात नाक्याला स्पॅनिशमध्ये ‘आदुआना’ म्हणतात. तो शब्द फारसी ‘दीवान’वरून अरबीमार्गे तेथे पोहोचला, त्याच घराण्यातली आपली ‘दिवाणी’ न्यायालये. संस्कृत ‘शर्करा’ फारसी आणि अरबी मुलूख ओलांडून स्पेनमध्ये ‘आसुकार’ झाली, तर प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे ‘साखर’. नारिंगाचा प्रवासही याच मार्गाने झाला आणि तेथे त्याचे ‘नारांखा’ झाले.

गोव्याच्या इतिहासातील एक नाव याच भूमीतून आलेले आहे. 1510 मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कच्या घराण्याचे नाव पोर्तुगालच्या सीमेलगतच्या ‘आल्बुर्केर्के’ या स्पॅनिश गावावरून पडले. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या, 1706 मध्ये वसलेल्या आल्बुकर्की शहराचा मात्र आपल्या आल्बुकेर्कशी थेट संबंध नाही. त्याला मेक्सिकोतील तत्कालीन स्पॅनिश व्हाइसरॉय, ड्यूक ऑफ आल्बुर्केर्के, याचे नाव दिले गेले. एका गावाच्या नावाच्या या दोन फांद्या पृथ्वीच्या दोन टोकांना पोहोचल्या.

1492 मध्ये ग्रानादाचे राज्य संपले. 1567 मध्ये स्पेनच्या राजाने अरबी बोलण्या-लिहिण्यावर बंदी घातली आणि 1609 पासून मुस्लीम वंशाच्या धर्मांतरितांना देशाबाहेर काढले. तरीही तेथील माणूस आजही एखादी गोष्ट घडावी अशी इच्छा व्यक्त करताना ‘ओखाला’ म्हणतो. हा शब्द ‘अल्लाची इच्छा असेल तर’ या अर्थाच्या अरबी वाक्प्रयोगातून आला आहे. ज्यांना हाकलले त्यांचा शब्द हाकलणाऱ्यांच्या ओठांवर राहिला. 1684 मध्ये गोव्यातही व्हाइसरॉयने कोकणीविरुद्ध फर्मान काढले होते. कोकणी टिकली, आणि तिने व मराठीने पोर्तुगीज शब्दही पचवले.

गावांच्या नावांवरून आपल्याकडेही वाद झडतात आणि उच्चारातल्या साम्यावर मोठमोठे दावे उभे केले जातात. असा दावा कानी आला की लेओनचा सिंह आठवावा. नावाचा जुना लेखी उल्लेख कोणता आणि ध्वनी कोणत्या क्रमाने बदलले, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत तो दावा केवळ तर्कच समजावा.