येत्या हंगामात आपला फुटबॉल संघ : आशा कशावर ठेवावी?

पारनेर तालुक्यात खेळाचा विषय निघाला की कुस्ती आणि कबड्डी ही दोन नावे आधी येतात. गावोगावच्या यात्रांत हगामा भरतो, शाळेच्या पटांगणात कबड्डीचे डाव रंगतात. फुटबॉल मात्र आपल्याकडे उशिरा आलेला पाहुणा. त्यामुळे महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाविषयी कोणी विचारले, की "यंदा काही खरे आहे का?" असाच सूर असतो. या प्रश्नाचे उत्तर उत्साहाच्या भरात देण्यापेक्षा, संघाचे यशापयश कोणत्या गोष्टींवर ठरते हे समजून घेणे अधिक उपयुक्त ठरेल.

प्रथम स्पर्धेची रचना पाहू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे जिल्हे येतात. महाविद्यालयांचे सामने आधी आपापल्या विभागात होतात. त्यांतून निवडलेला विभागाचा संघ आंतरविभागीय स्पर्धेत उतरतो, आणि तेथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळतो. म्हणजे आपल्या खेळाडूला दोन वाटा आहेत. एक संघाच्या विजयाची आणि दुसरी वैयक्तिक निवडीची. संघ हरला तरी एखादा चांगला बचावपटू निवड समितीच्या नजरेत भरू शकतो, हे आपण विसरतो.

परंतु या सामन्यांची पद्धत बहुधा बाद फेरीची असते, आणि तिचे गणित लहान संघाला फार महाग पडते. समजा, सोळा संघ उतरले. एकूण सामने होणार पंधरा, आणि त्यांतले आठ संघ एकच सामना खेळून घरी परतणार! वर्षभर वाट पाहायची, एस.टी.ने किंवा जीपने जायचे, नव्वद मिनिटे खेळायचे आणि हंगाम संपला. ज्या संघाला वर्षात एकच खरा सामना मिळतो, त्याने सुधारायचे तरी कसे? आपल्या संघाची खरी अडचण हीच आहे. अंगात ताकद नाही, असे मुळीच नाही.

मुलांजवळ काय आहे?

पळण्याचा दम आहे. निघोज, अळकुटी, टाकळी ढोकेश्वर, सुपे या बाजूंनी येणारी कितीतरी मुले पोलीस व सैन्य भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावतात. सोळाशे मीटरची धाव त्यांच्या पायात बसलेली असते. फुटबॉलमध्ये मध्यफळीचा खेळाडू एका सामन्यात दहा ते बारा किलोमीटर अंतर तोडतो, तेव्हा हा दम म्हणजे मोठेच भांडवल होय. पण भरतीची धाव एका लयीत असते, तर फुटबॉलची धाव तुटक असते. वीस पावले जीव तोडून पळायचे, थांबायचे, वळायचे, मागे सरकायचे आणि पुन्हा पळायचे. म्हणून आठवड्यातून दोन दिवस लांब धावेऐवजी तीस-चाळीस मीटरच्या वेगवान फेऱ्या, मध्ये थोडी विश्रांती, असा सराव ठेवला तर हाच दम मैदानावर कामी येईल.

कबड्डीचाही उपयोग आहे. चढाई करणाऱ्याच्या पायाकडे पाहून त्याचा पुढचा डाव ओळखणे, शेजारच्या गड्याशी साखळी न तोडता सरकणे, ही बचावफळीचीच विद्या आहे. फरक आहे तो विस्ताराचा. पुरुषांचे कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद. फुटबॉलचे प्रमाणित मैदान 105 मीटर लांब व 68 मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ पावणेदोन एकर रान! कबड्डीची पंचावन्न-चोपन्न मैदाने त्यात मावतील. एवढ्या रानात साखळी टिकवायची तर एकमेकांना सतत हाका द्याव्या लागतात. आपली मुले मैदानावर फार गप्प राहतात. हा दोष पैशाविना दूर होण्यासारखा आहे.

काय नाही?

हिरवळ नाही. आपला तालुका अवर्षणप्रवण, जमीन मुरमाड. ज्या भागात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे मैदानावर पाणी मारा असे कोणत्या तोंडाने म्हणावे? कठीण जमिनीवर चेंडू फार उसळतो, पडले की गुडघे सोलतात आणि लांब खिळ्यांचे बूट पाय मुरगळायला कारण होतात. यावर थोडे उपाय आहेत. नियमाप्रमाणे चेंडूतील हवेचा दाब 0.6 ते 1.1 वातावरण एवढा चालतो. सरावाच्या वेळी तो खालच्या मर्यादेजवळ ठेवला तर उसळी कमी होते. बूट आखूड व पुष्कळ खिळ्यांचे घ्यावेत. आणि चेंडू जमिनीलगत ठेवून जवळच्या गड्याला देण्याची सवय लावावी. उंच मारलेला चेंडू मुरमावर कोणाचाच नसतो.

साधनांच्या अभावाचे रडगाणे गाताना 29 जुलै 1911 चा दिवस आठवावा. त्या दिवशी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला 2-1 असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, आणि एक खेळाडू सोडला तर सारा संघ अनवाणी होता. अर्थात, अनवाणी खेळल्यामुळे ते जिंकले असे नव्हे. ते वर्षानुवर्षे एकत्र खेळत होते, म्हणून जिंकले.

आणि नेमके हेच आपल्याकडे होत नाही. हंगाम येतो तो ऑगस्टनंतर. तेव्हाच मुगाची तोडणी येते, मागोमाग बाजरीची कापणी, कांद्याची लागवड, आणि मग सत्र परीक्षा. घरचे काम टाकून सरावाला ये, असे शेतकऱ्याच्या मुलाला सांगणे सोपे नाही. दुपारच्या एस.टी.ने गेला नाही तर त्याला गाव गाठता येत नाही. म्हणून सराव संध्याकाळी ठेवण्याचा शहरी रिवाज येथे निरुपयोगी आहे. तो सकाळी, तासिकांच्या आधी, पाऊण तासच पण नेमाने असावा, आणि त्याची सुरुवात हंगामाच्या तोंडावर न करता जूनमध्येच व्हावी.

कोल्हापूर काय सांगते?

महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड पाहायचे तर कोल्हापूर पाहावे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तेथील संघांची नावे वाचा. ती तालमींची नावे आहेत! जेथे कुस्ती रुजली होती, त्याच पेठांतील तालमींनी फुटबॉल आपलासा केला. 1940 मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन तेथे सामने भरवते आणि राजर्षी शाहू स्टेडियम प्रेक्षकांनी भरून जाते. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

यातून आपण काय घ्यावे? कुस्ती फुटबॉलच्या आड येते, हा समज खोटा आहे. तालीम असो वा तरुण मंडळ, महाविद्यालयाबाहेर खेळाला घर मिळाले की खेळ टिकतो. आपल्याकडे मुलगा पदवी घेऊन गेला की त्याच्याबरोबर त्याचा खेळही जातो. शिवाय अकरावी-बारावीची मुले शालेय स्पर्धांत खेळतात, ती वरिष्ठ महाविद्यालयाच्या संघात नसतात. एकाच मैदानावर दोन संघ एकमेकांना अनोळखी राहतात. या दोघांचा दर शनिवारी एक सामना लावला, तर वर्षाला एका सामन्याऐवजी वीस-पंचवीस सामने होतील आणि उद्याचा संघ आजच तयार होऊ लागेल. खर्च काय? एक चेंडू आणि एक शिट्टी.

मग यंदाचे काय?

अजिंक्यपदाची भाकिते करण्यात अर्थ नाही. पण फुटबॉलचा एक गुण दुबळ्या संघाच्या बाजूचा आहे. येथे गोल थोडे होतात. बचाव नेटका ठेवणारा संघ बलाढ्य प्रतिस्पर्ध्यालाही बरोबरीत रोखू शकतो, आणि बाद सामना बरोबरीत राहिला तर अखेर पेनल्टीवर निकाल लागतो. गोलपोस्ट 7.32 मीटर रुंद व 2.44 मीटर उंच, चेंडू अकरा मीटरवर. एखाद्या भिंतीवर चुन्याने एवढी चौकट आखली तरी हा सराव होतो. म्हणून यंदा संघाने तीन साधी उद्दिष्टे ठेवावीत. पहिल्या अर्ध्या तासात गोल खायचा नाही. प्रत्येकाने रोज दहा पेनल्टी मारायच्या. आणि पहिला सामना जिंकायचाच. पहिला सामना जिंकला, की दुसऱ्या सामन्याचा अनुभव आपोआप पदरात पडतो.

मुलींच्या संघाबाबतही एक गोष्ट सांगावीशी वाटते. "अकरा मुली कोठून आणायच्या?" असे म्हणून विषय संपवला जातो. नियम असा, की सात खेळाडू मैदानात असले तरी सामना सुरू होऊ शकतो. आज सात मुली उभ्या राहिल्या, तर पुढच्या वर्षी चौदा येतील.

"खेळून काय मिळणार?" असे पालक विचारतात, आणि त्यांचे चुकत नाही. शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण ते वरच्या पातळीवरील यशासाठी, महाविद्यालयाच्या संघात नाव लागल्याने ते मिळत नाही. खोटी आशा कोणाला लावू नये. परंतु हरत असतानाही शेवटच्या मिनिटापर्यंत आपली जागा न सोडणे, चुकलेल्या सोबत्याला शिव्या न देता त्याची जागा भरून काढणे, हे शिक्षण वर्गात मिळत नाही. दुष्काळी तालुक्याच्या मुलांना वाट पाहणे ठाऊक आहे. आता वाट न पाहता जूनच्या पहिल्या सकाळी मैदानात उतरणे तेवढे बाकी आहे. आणि बाकीच्यांनी? सामन्याच्या दिवशी बांधावर उभे राहून टाळी द्यावी. तीही संघाला बारावा गडी मिळाल्यासारखीच असते.