शेवटच्या सोळा सेकंदांची नोंद

५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या केरी शहरात महिलांच्या महाविद्यालयीन फुटबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना झाला. या खेळावर दशकानुदशके अधिराज्य गाजवणारे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ दोन गोलांनी पुढे होते आणि सामना संपण्यास जेमतेम दहा मिनिटे उरली होती. तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस संघाने, म्हणजे यूसीएलएने, एक गोल फेडला. तरीही पराभव अटळ दिसत होता. अमेरिकी महाविद्यालयीन सामन्यांत मैदानावरील घड्याळ उलटे चालते, त्यामुळे किती वेळ उरला हे साऱ्यांना दिसते. त्या घड्याळावर सोळा सेकंद असताना कॉर्नरवरून आलेला चेंडू रायलिन टर्नरने डोक्याने जाळ्यात धाडला. अतिरिक्त वेळेत मारिकार्मेन रेयेसने तिसरा गोल केला आणि यूसीएलए ३-२ असा विजेता ठरला.

अशा कामगिरीसाठी अमेरिकी क्रीडाभाषेत ‘क्लच’ हा शब्द रूढ आहे. सारे काही पणाला लागले असताना हात न थरथरणे, असा त्याचा ढोबळ अर्थ. मी क्रीडातज्ज्ञ नाही. आयुष्य फायलींमध्ये गेलेला आणि त्याआधी इतिहास शिकलेला माणूस आहे. मला त्या गोलाइतकेच कुतूहल आहे ते त्याच्या नोंदीचे. तो सोळा सेकंद बाकी असताना झाला, हे मला हजारो मैलांवर बसून कसे कळते?

उत्तर एका दिवसात घडलेले नाही. अमेरिकेने १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा केला आणि केंद्रीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगाधारित भेदभाव करण्यास मनाई झाली. क्रीडांगणेही त्या कक्षेत आली. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, महिलांची पहिली एनसीएए फुटबॉल स्पर्धा भरली. सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा हरमन चषक १९८८ पासून महिलांनाही दिला जाऊ लागला. मिशेल एकर्स ही पहिली मानकरी. पुढे १९९२ आणि १९९३ मध्ये तो मिया हॅमने पटकावला. अंतिम फेरीत आक्रमणातील सर्वोत्तम आणि बचावातील सर्वोत्तम असे दोन स्वतंत्र सन्मान दिले जातात. बचाव करणारीची आठवण वेगळी ठेवावी लागते, अन्यथा ती राहत नाही, हे त्यामागचे शहाणपण.

या व्यवस्थेचा पाया मात्र पुरस्कार नव्हे, नोंदवही आहे. प्रत्येक गोलाचे मिनिट, तो कोणी केला, चेंडू कोणी पुरवला हे लिहिले जाते. गोलास दोन गुण आणि गोलसाहाय्यास एक. ‘विजयी गोल’ असा रकानाही आहे. पराभूत संघाच्या एकूण गोलसंख्येपेक्षा एकाने अधिक ठरणारा गोल तो विजयी गोल. गंमत अशी, की या व्याख्येनुसार केरीतील विजयी गोल रेयेसचा. टर्नरच्या गोलाला गुण दोनच, कुठल्याही एकतर्फी सामन्यातील पाचव्या गोलाइतकेच. म्हणजे सर्वाधिक काटेकोर नोंदवहीतही कसोटीच्या क्षणाला स्वतंत्र रकाना नाही. पण वेळ आणि धावफलक लिहिलेला असल्यामुळे तो क्षण नंतर कोणालाही शोधून काढता येतो.

आता आपल्याकडे वळू. सेवेत असताना एका कार्यालयातील क्रीडा कोट्याच्या निवड समितीवर मी होतो. केंद्र सरकारच्या या भरतीत आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळलेल्यांना संधी असते. प्राधान्यक्रमात आंतरराष्ट्रीय आणि राष्ट्रीय खेळाडूंनंतर आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तीन क्रमांकांत आलेल्यांचा विचार होतो. त्या दिवशी दोन मुली समोर होत्या. दोघी एकाच संघाच्या, प्रमाणपत्रे शब्दशः सारखी. एकीला मी सहज विचारले, ‘तुम्ही त्या स्पर्धेत काय केलंत?’ ती म्हणाली, ‘सर, उपांत्य सामना टायब्रेकरवर गेला होता. मी दोन फटके अडवले.’ तिच्याजवळ याचा कागद नव्हता. आमच्याजवळ तो मागण्याचा नियम नव्हता. जागा एकच होती आणि इतर निकषांवर ती दुसरीला गेली. निर्णय नियमानुसार होता. दुसऱ्या मुलीवर मेहेरनजर झाली, असेही मुळीच नव्हे. तरी ते दोन फटके आजही माझ्या मनात घर करून आहेत. ते खरेच अडवले गेले होते का, हेसुद्धा मला पडताळता आले नाही.

वरिष्ठ पातळीवर चित्र बदलते आहे. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे भारतीय महिलांनी यजमानांना २-१ असे हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून भारताने हे यश प्रथमच मिळवले. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे होते. त्यातला दुसरा, ७४व्या मिनिटाचा, थायलंडने बरोबरी साधल्यानंतर आला. सामन्याचे चित्रण होते, म्हणून देशाला तिचे नाव कळले. परंतु मणिपूर, हरियाणा, झारखंड वा तमिळनाडूतील ज्या मुली विद्यापीठाच्या मैदानावर अशीच कसोटी देतात, त्यांच्यासाठी ना कॅमेरा असतो ना नोंदवही. त्यांतील बहुतेकींना पुढे व्यावसायिक फुटबॉल नव्हे, नोकरी हवी असते. त्यांच्या बाबतीत नोंद म्हणजे उपजीविकेचा पुरावा.

आक्षेप ठाऊक आहेत. एका क्षणाचे यश हा नशिबाचा भाग असू शकतो. कसोटीच्या वेळी उंचावणारी अशी वेगळी क्षमता असते की नाही, यावर बेसबॉलचे आकडेशास्त्री कित्येक दशके वाद घालत आहेत. दुसरा आक्षेप असा, की सांघिक खेळात एकीचा गौरव इतर दहा जणींवर अन्याय करतो. तिसरा आक्षेप आपल्या देशात सर्वांत गंभीर. ‘उत्कृष्ट कामगिरी’ असा रकाना छापला, की तो भरून घेण्यासाठी वशिल्याची रांग लागेल. गोपनीय अहवालांतील ‘अत्युत्कृष्ट’ या शेऱ्याचे काय झाले, ते मी जवळून पाहिले आहे.

म्हणूनच माझे म्हणणे मर्यादित आहे. विशेषणे नकोत, घटना लिहा. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या प्रत्येक सामन्याचा एक पानी अहवाल असावा. कोण किती मिनिटे खेळले, गोल कोणत्या मिनिटाला आणि धावफलक काय असताना झाला, चेंडू कोणी पुरवला, गोलरक्षकाने किती फटके अडवले, टायब्रेकरचा क्रम काय होता. त्यावर पंच आणि दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांची स्वाक्षरी त्याच दिवशी व्हावी. भारतीय विद्यापीठ संघाने हे अहवाल सार्वजनिक ठेवावेत आणि प्रमाणपत्रावर त्यांचा क्रमांक छापावा. यासाठी मोठा निधी लागत नाही, शिस्त लागते. निवड समितीने त्याला किती वजन द्यावे हा पुढचा प्रश्न. आधी वाचण्याजोगे काही तिच्या हाती तरी पडू द्या.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवे काही दिसत नाही. राजांच्या प्रशस्तींमध्ये प्रत्येक राजा शूर, दानी आणि विद्वान असतो. त्यावरून त्याने नेमके काय केले, हे ठरवणे कठीण. याउलट दख्खनपासून तमिळ प्रदेशापर्यंत गावोगावी उभे असलेले वीरगळ पाहा. गाई पळवणाऱ्यांशी लढताना अमुक एक जण पडला, एवढेच कित्येक शिळा सांगतात. तो माणूस एरवी कसा होता, याबद्दल त्या गप्प आहेत. एका सामान्य माणसाने एका कठीण घटकेला काय केले, एवढेच गावाने जपून ठेवले आणि ते शतके टिकले.

आपली क्रीडा प्रमाणपत्रे आज प्रशस्तीसारखी आहेत, सर्वांसाठी एकच मजकूर. माझ्यासमोर बसलेल्या त्या गोलरक्षक मुलीला प्रशस्ती नको होती. तिने दोन फटके अडवले, एवढे एक वाक्य कुणीतरी त्याच संध्याकाळी लिहून ठेवायला हवे होते.